उणे ऐंशीच्या फ्रीजरमधली झाकली मूठ

ताई,

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. उडी मारणाऱ्या भारतीय मुंगीवर काम करते. राणी मेली की या जातीतल्या काही साध्या कामकरी मुंग्या स्वतः अंडी घालायला लागतात. त्या वेळी त्यांच्या मेंदूत कुठली जनुकं जोरात चालतात आणि कुठली मंदावतात, हा माझा विषय. बारा अंडी घालणाऱ्या आणि बारा कामकरी, अशा चोवीस मेंदूंचं आरएनए सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे कुठलं जनुक किती चालतंय ते मोजलं. हजाराहून जास्त जनुकांत फरक आला. मॅडम खूश झाल्या. परिषदेत पोस्टर झालं, आता पेपरचा मसुदा चालू आहे.

तीन आठवड्यांपूर्वी जुनी वही चाळताना लक्षात आलं, की अंडी घालणाऱ्या बाराच्या बारा मी ऑगस्टमध्ये, एकाच किटनं (रसायनांच्या संचानं) केल्या आणि एका खेपेत सिक्वेन्सिंगला पाठवल्या. कामकरी सगळ्या नोव्हेंबरमध्ये, दुसरं किट, दुसरी खेप. ऑगस्टमध्ये चाचणी म्हणून तीन कामकरी पाठवल्या होत्या, त्या मी हिशेबात धरल्या नव्हत्या. आता त्या, सारखे नमुने जवळजवळ बसवणाऱ्या आलेखावर टाकल्या तर त्या कामकरींच्या घोळक्यात गेल्याच नाहीत, अंडी घालणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणजे मला जो फरक दिसला तो मुंग्यांचा की ऑगस्ट-नोव्हेंबरचा?

कोणाला सांगितलेलं नाही. फक्त एका सीनियरला विचारलं. तो म्हणाला, गप्प बस, सगळ्यांचं असंच असतं. फेलोशिपचे चौदा महिने उरलेत. बाबा विचारतात, अजून किती दिवस मुंग्या मोजणार? आणि आजी, जी गावी अजून भिंतीच्या कडेला मुंग्यांना चिमूटभर पीठ-साखर ठेवते, ती दर फोनवर विचारते, "तुझ्या मुंग्या बऱ्या आहेत ना?" त्यांचे मेंदू काढते हे मी तिला सांगितलेलं नाही. सगळं सोडून घरी यावं असं वाटतं.

– एक मुंगीवाली

प्रिय मुंगीवाली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा ताई म्हणून आणि एकदा प्राणिशास्त्राची निवृत्त मास्तरीण म्हणून, हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी मी एका ओळीखाली रेघ मारली: "ऑगस्टमध्ये चाचणी म्हणून तीन कामकरी पाठवल्या होत्या." तुझी झोप उडवणाऱ्या याच तीन मुंग्या तुला यातून बाहेर काढणार आहेत. कसं ते सांगते, पण आधी इतर वाचकांना थोडं सांगू दे. नाहीतर ते म्हणतील, या दोघी काय बोलताहेत.

ही मुंगी आपलीच, दक्षिण भारतातली. मद्रासकडे नोकरीला असलेल्या जर्डन नावाच्या इंग्रज सर्जनानं १८५१ साली तिचं वर्णन केलं. मोठाले काळे डोळे, चिमट्यासारखा लांब जबडा, आणि भक्ष्य दिसलं की टुणकन उडी. वसाहत लहानशी, शंभराच्या आसपास. घरातले वडीलधारे गेले की भाऊबंदकी सुरू होते, तसं इथे राणी गेली की कामकरी मुंग्या आमनेसामने उभ्या राहून मिशांनी एकमेकींना टोकत राहतात. हे एकदोन दिवस नाही, काही आठवडे चालतं. शेवटी ज्या थोड्या जिंकतात त्यांचे अंडाशय वाढतात आणि त्या अंडी घालू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना 'गॅमरगेट' म्हणतात, म्हणजे लग्न झालेली कामकरी. (हा शब्द इंटरनेटवर शोधाल तर व्हिडिओ गेमवाल्यांचं दहा वर्षांपूर्वीचं भांडण समोर येईल. त्याचा इथे संबंध नाही. मुंग्यांकडे हा शब्द १९८०च्या दशकापासून आहे.)

खरी गंमत पुढे आहे. गॅमरगेट झालेल्या मुंगीचा मेंदू आकसतो, साधारण एक-पंचमांश ते पाव भाग. शिकार नाही, बाहेर वाट शोधणं नाही, मग एवढा मेंदू पोसायचा कशाला? आणि आयुष्य वाढतं. एरवी सातेक महिने जगणारी मुंगी तीन-चार वर्षं जगते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा काही मुंग्यांना पुन्हा कामकरी व्हायला लावलं, तर सहा-आठ आठवड्यांत मेंदू परत वाढला. जनुकं तीच, डीएनए तोच, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. बदलतं ते एवढंच, की त्यातली कुठली पानं उघडी आणि कुठली मिटलेली. याचं मोजमाप म्हणजे आमच्या मुंगीवालीचं काम. जिच्या जीवावर हे सगळं कळलं ती मुंगी कर्नाटकातून गोळा केलेली, आणि बहुतेक काम झालं न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि ॲरिझोनाच्या प्रयोगशाळांत. एक मराठी मुलगी भारतात बसून तेच प्रश्न विचारते आहे, याचा मला आनंद आहे. बाबांना सांग, मोजायला लागतात त्या मुंग्या नव्हेत. मुंग्या मोजणं सोपं असतं.

आता तुझ्या चुकीकडे येऊ.

समजा दोन बहिणींपैकी भाकरी कोणाची चांगली होते ते ठरवायचंय. थोरलीला पीठ दिलं गावच्या गिरणीतलं, धाकटीला तालुक्याच्या. थोरलीची भाकरी टम्म फुगली. हात चांगला की पीठ? त्या दिवशी कितीही भाकऱ्या थापल्या, शंभर थापल्या, तरी उत्तर मिळणार नाही. भाकऱ्या वाढवून हे सुटत नाही. थोरलीला थोडं तालुक्याचं आणि धाकटीला थोडं गावचं पीठ द्यावं लागतं. तुझ्याकडे थोरली सगळी ऑगस्टची आणि धाकटी सगळी नोव्हेंबरची. याला तुम्ही लोक बॅच इफेक्ट म्हणता. किट बदललं, यंत्राची लेन (नमुने चालवायची पट्टी) बदलली, हवेतला दमटपणा बदलला, मेंदू बाहेर काढायला लागणारा वेळ दोन मिनिटांनी कमी झाला कारण तीन महिन्यांत तुझा हात बसला, की आरएनएचं मोजमाप हलतं. आणि ते थोडंथोडकं नव्हे, कधीकधी मुंगी-मुंगीतल्या फरकापेक्षा जास्त हलतं.

ही चूक तू एकटीनं केलेली नाही. २०१४ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पानं माणसाच्या आणि उंदराच्या अवयवांमधल्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष चकित करणारा होता. उंदराचं यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच इतर अवयवांशी जास्त जुळतं, असा त्याचा रोख. २०१५ साली शिकागो विद्यापीठातल्या योआव गिलाड आणि ओर्ना मिझ्राही-मान यांनी सिक्वेन्सिंगच्या कच्च्या फाईली उघडल्या. वाचलेल्या प्रत्येक तुकड्याच्या ओळखीच्या ओळीत यंत्र कुठलं, लेन कुठली हे नोंदलेलं असतं. त्यावरून त्यांनी कुठला नमुना कुठे चालवला याचा नकाशा काढला. बहुतेक ठिकाणी माणसाचे नमुने एकीकडे आणि उंदराचे दुसरीकडे. तो फरक हिशेबात घेऊन पाहिलं तर यकृत यकृताजवळ गेलं आणि हृदय हृदयाजवळ. वाद झाला, मूळ लेखकांनी आपली बाजू मांडली. पण तेव्हापासून या विषयात नवीन मुलांना नमुने कसे मांडू नयेत हे शिकवताना ते उदाहरण देतात. तिथे पैसा होता, माणसं होती, नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ होते. तू एकटी होतीस, पहिल्या खेपेचे पैसे आले तेव्हा हातात होत्या त्या मुंग्या पाठवल्यास. मला नाही वाटत यात लाजेनं मरण्यासारखं काही आहे.

तुझा सीनियर म्हणतो, गप्प बस. त्याला उत्तर द्यायला वरची गोष्ट सोयीची आहे: बघ, फाईली सार्वजनिक होतात, कोणी ना कोणी पकडतंच. पण मी तुला तसं सांगणार नाही. कारण ते नेहमी खरं नसतं, आणि मला ते स्वतःवरून माहीत आहे.

एम.फिल.ला मी डासांच्या अळ्यांवर काम करत होते. कडुनिंबाच्या अर्कानं अळ्यांची वाढ मंदावते का, असा साधा विषय. पत्र्याच्या एनॅमलच्या ट्रे होत्या. अर्काचा वास खोलीभर सुटायचा म्हणून आमच्या शिपायानं अर्क घातलेल्या ट्रे मागच्या भिंतीला, ओलसर कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. साध्या पाण्याच्या ट्रे खिडकीखाली, उन्हात. मी त्याला हो म्हटलं, वास मलाही सहन होत नव्हता. निष्कर्ष सुरेख आले. कडुनिंबातल्या अळ्या कितीतरी उशिरा कोषात गेल्या. प्रबंध टंकायला दिल्यावर एका दुपारी सहज दोन्हीकडे थर्मामीटर बुडवला, तर खिडकीखालचं पाणी तीन अंशांनी गरम. डासाच्या अळीला तीन अंश म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. उबेत ती भराभर वाढते, गारव्यात रेंगाळते. माझ्या तक्ता क्रमांक ७ मधला फरक कडुनिंबाचा किती आणि खिडकीचा किती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

मी गप्प बसले. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी उद्बत्तीपासून ते गांडूळखतापर्यंत सगळं विचारलं, ट्रे कुठे ठेवल्या होत्या ते विचारलं नाही. पदवी मिळाली. नोकरी लागली. कोणीही, कधीही पकडलं नाही. काही वर्षांपूर्वी त्या ग्रंथालयात गेले होते तेव्हा प्रबंध मागवून पाहिला. मागच्या तारखांच्या कागदावर एकही शिक्का नव्हता. मी ग्रंथपालांना विचारलं, यात एक चिठ्ठी चिकटवता येईल का, तक्ता ७ वर विसंबू नये अशी? ते बिचारे गोंधळले. म्हणाले, तशी पद्धत नाही, तुम्ही अर्ज करा. मी अर्ज केला नाही. म्हणजे दुसऱ्यांदा गप्प बसले.

तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची राहू शकते, बरं का. राहते. फक्त ती मूठ जन्मभर आवळून धरावी लागते, आणि त्या हातानं दुसरं काही नीट करता येत नाही. पुढे मी तीस वर्षं शिकवलं, पण पुन्हा संशोधनाच्या वाटेला गेले नाही. लोकांना वाटलं संसारामुळे. संसाराचा त्यात काही दोष नव्हता.

आता त्या तीन मुंग्या.

त्या नसत्या तर मी म्हटलं असतं, तो सगळा डेटा बाजूला ठेव, कुठल्याही सॉफ्टवेअरनं तो सुधारणार नाही. कारण जिथे गट आणि खेप शंभर टक्के एकच असतात, तिथे बॅचचा परिणाम वजा करायला गेलं तर गटाचा फरकही त्याच्याबरोबर निघून जातो. अंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ गेलं म्हणतात ते हेच. पण तुझ्याकडे ऑगस्टच्या खेपेत बारा गॅमरगेट आणि तीन कामकरी आहेत. एकाच किटमधल्या, एकाच लेनमधल्या. म्हणजे थोरलीच्या पिठाच्या चार मुठी धाकटीकडेही पोचल्या होत्या. पहिलं काम हे कर: नोव्हेंबर विसरून जा आणि फक्त ऑगस्टची खेप घे. बारा विरुद्ध तीन. तीन हा आकडा तुटपुंजा आहे, बारीक फरक त्यात दिसणारच नाहीत, पण जे ठळक आहे ते दिसेल. आणि ते जे दिसेल ते मुंगीचं असेल, महिन्याचं नसेल. मग ऑगस्टच्या तीन कामकरी आणि नोव्हेंबरच्या बारा कामकरी यांची आपसांत तुलना कर. तिथे जी जनुकं उड्या मारतील, ती तुझी चोर मंडळी. हजारातून ती वेगळी काढ आणि उरतात किती ते बघ. ही काटछाट पेपरात छापायची नाही, परिस्थिती किती बिघडली आहे याचा अंदाज घ्यायची आहे.

दुसरं, आलेख. तू लिहितेस की त्या तिघी अंडी घालणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. शेजारी म्हणजे कुठल्या अक्षावर? अशा आलेखाचा पहिला अक्ष सगळ्यात मोठा फरक दाखवतो, पुढचे त्याहून लहान. पहिल्या अक्षावर बॅच दिसली म्हणून मुंगीचा फरक नाहीच, असं होत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या अक्षावर दबा धरून बसलेला असू शकतो. ते अक्ष काढून बघितलेस का? तीन आठवड्यांच्या घाबरटपणात माणूस पहिलं चित्र बघतो आणि लॅपटॉप मिटतो. मी तेच केलं असतं.

तिसरं, ओळखीच्या माणसांना विचार. तुझ्या या मुंगीत काही जनुकं अशी आहेत, की ती कोणत्या बाजूला झुकायला हवीत हे आधीच माहीत आहे. कोराझोनिन हे मेंदूतलं छोटं पेप्टाइड (प्रथिनाचा लहानसा तुकडा) कामकरीत जास्त असतं. २०१७ साली दाखवलं गेलं, की गॅमरगेट होऊ घातलेल्या मुंगीला ते टोचलं तर ती पुन्हा शिकारीकडे वळते आणि अंडी घालणं मागे पडतं. व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातल्या बलकासाठी लागणारं प्रथिन, याच्या उलट, ते अंडी घालणारीत वाढतं. ऑगस्टच्या आतल्या आत, त्या तिघींच्या तुलनेत, ही दोन्ही जनुकं बरोबर दिशेला झुकतात का? झुकत असतील तर जीवशास्त्र तुझ्या डेटात आहे, फक्त त्याच्यावर धूळ बसली आहे. झुकत नसतील तर गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तेही मॅडमकडे जाण्याआधी कळलेलं बरं.

चौथं, आणि खर्चाचं. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये दोन्ही गटांचं उरलेलं आरएनए आहे का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण जी मुलगी तीन चाचणीच्या मुंग्या जपून ठेवते ती उरलेलं फेकून देत नसेल. असेल तर सहा-सहा नमुने निवड आणि एकाच खेपेत, मिसळून पाठव. यंत्रातला फरक जाईल. मेंदू काढतानाचा फरक जाणार नाही, कारण ते काढले तेव्हाच काढले. तो घालवायचा तर नव्यानं थोड्या मुंग्या घ्याव्या लागतील, आणि नव्या गॅमरगेट तयार व्हायला तीन-चार महिने हवेत. म्हणून आजच एका वसाहतीतली राणी वेगळी कर. ज्या दिवशी गॅमरगेट काढशील त्याच दिवशी कामकरी काढ, एक आड एक, सकाळच्या ठरावीक वेळेत. शरीरातलं घड्याळ चालवणारी जनुकं सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरंच. नळ्यांवर गटाचं नाव लिहू नकोस, नुसते आकडे घाल आणि यादी मैत्रिणीकडे ठेवायला दे.

आणि वय. तुझ्या कामकरी आणि गॅमरगेट एका वयाच्या होत्या का? मधमाश्यांत हा घोळ फार जुना आहे. तरुण माशी घरात, म्हातारी बाहेर, मग मेंदूतला फरक कामाचा की वयाचा? २००३ साली इलिनॉयमधल्या जीन रॉबिन्सन यांच्या गटानं सगळ्या एकाच वयाच्या माश्यांची पोळी तयार केली, म्हणजे पोरसवदा माश्यांनाच बाहेर जावं लागलं. मेंदूतल्या जनुकांकडे पाहून ६० पैकी ५७ माश्यांचं काम त्यांनी बरोबर ओळखलं, वयाचा गुंता सोडवून. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. पण राणी वेगळी करशीलच, तर जन्मतारखेचा रंगाचा ठिपका त्याच दिवशी लावून घे. एका दगडात हेही होऊन जाईल.

आता मॅडम. पहिली तीन कामं दोन-तीन दिवसांची आहेत, लॅपटॉपवर होतात, पैसे लागत नाहीत. ती झाली की लगेच जा. "आधी सगळं दुरुस्त करते, मग सांगते" हा विचार मनात येईल. त्याला थारा देऊ नकोस, तो गप्प बसण्याचाच धाकटा भाऊ आहे. व्हॉट्सॲपवर सांगू नकोस, कॉरिडॉरमध्ये गाठू नकोस, लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तर नकोच नको. अर्धा तास मागून घे. एका कागदावर तीन चित्रं ने: कुठल्या महिन्यात कुठली मुंगी, त्या तिघी कुठे बसल्या, आणि कोराझोनिन-व्हायटेलोजेनिन काय म्हणतात. माफीनं सुरुवात करू नकोस. रडू आलं तर येऊ दे, पण पहिलं वाक्य हे असू दे: "मॅडम, आपल्या नमुन्यांच्या मांडणीत एक अडचण आहे, मला ती आत्ता लक्षात आली, आणि पेपर पाठवण्याआधी तुम्ही ती बघावी." आपल्या, हा शब्द लक्षात ठेव. ऑगस्टमध्ये बारा गॅमरगेट एकत्र पाठवायच्या हे तू एकटीनं ठरवलं नव्हतंस. मॅडमची सहीही त्या बिलावर असणार.

त्या चिडतील. पोस्टर झालंय, चार लोकांना सांगून झालंय, कदाचित पुढच्या प्रकल्पाच्या अर्जातही हेच आकडे गेलेत. पहिल्या दिवसाचं चिडणं हे त्यांचं मत समजू नकोस. मी कितीतरी विद्यार्थ्यांवर पहिल्या दिवशी चिडले आहे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चहा मागवला आहे. त्याच संध्याकाळी चार ओळींची ईमेल मात्र पाठव: आज आपण अमुक बोललो, मी तमुक करून बघते. भांडणासाठी नाही, दोघींच्या आठवणीसाठी.

आणि समजा, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही त्या म्हणाल्या, "राहू दे, असाच पाठवू"? मग तुझ्या डॉक्टरल कमिटीत ज्यांच्याशी तू मोकळेपणी बोलतेस असे कोणी असतील, त्यांच्याकडे तोच एक कागद घेऊन जा. तक्रार म्हणून नको, सल्ला म्हणून जा. तेवढ्यानंही भागलं नाही तर त्या पेपरावरून आपलं नाव काढायला सांग. पहिल्या लेखिकेनं नाव काढून घेतलेला पेपर पुढे रेटणं कोणालाही जड जातं. पण इथवर वेळ येईल असं मला पत्रावरून वाटत नाही. तुझ्या मॅडमबद्दल पत्रात एकच वाक्य आहे, "मॅडम खूश झाल्या." त्या वाईट आहेत असं कुठे नाही. तू त्यांच्या रागाला घाबरत नाहीस, त्यांचा आनंद जाईल याला घाबरते आहेस. नीट बघ, असंच आहे ना?

हवं तर त्यांना फ्रान्सिस अर्नोल्ड यांची आठवण करून दे. २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या बाई. नोबेलनंतर आलेला त्यांचा एक पेपर पुन्हा करून बघितल्यावर जमेना, तेव्हा २०२०च्या जानेवारीत त्यांनी तो मागे घेतला आणि जगासमोर सांगून माफी मागितली. त्यांचं काही बिघडलं नाही. तुमचा तर अजून मसुदा आहे.

फेलोशिपचं थोडक्यात. २०२३पासून सीनियर फेलोला महिन्याला ४२,००० रुपये मिळतात, ते चौदा महिन्यांनी थांबतील, हे खरं. पण चौदा महिन्यांत जुन्या आरएनएची मिसळलेली एक खेप आणि नव्या मुंग्यांची एक छोटी खेप बसते. चोवीस नमुने नव्हेत, सहा-सहा. जुना डेटा प्रबंधातून काढू नकोस. तो एका प्रकरणात ठेव, मांडणी कुठे चुकली, कशी ओळखली, काय वाचलं आणि काय गेलं, सगळं लिही. परीक्षक बहुतेक प्रबंध चाळतात, असं प्रकरण मात्र वाचतात. सोडून घरी यायचं असेल तर जरूर ये, संशोधन हा काही आयुष्याचा एकमेव धंदा नाही. पण ते मॅडमशी बोलून झाल्यावर ठरव. पळून आलीस तर ती वही तुझ्याबरोबर येईल.

सीनियरला काही बोलू नकोस. "सगळ्यांचं असंच असतं" म्हणणाऱ्या माणसाच्या फ्रीजरमध्ये काय आहे, ते त्याचं त्याला ठाऊक.

आजीबद्दल मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला.

माझी आई चातुर्मासात तुळशीपाशी मुंग्यांना रवा-साखर ठेवायची, आणि त्याच बाईनं साखरेच्या डब्याला लागलेल्या लाल मुंग्यांवर हळद टाकून त्या हुसकावल्याही. तिच्या मनात त्यात काही विरोध नव्हता. आपल्या आज्या आपल्याला वाटतात तेवढ्या नाजूक नसतात. तिला सांग. एकदम मेंदू, द्रवरूप नायट्रोजन वगैरे नको. सांग की काही मुंग्या मी मारते, गार करून, पटकन, आणि त्यांच्या आत बघते. ती गप्प होईल. मग कदाचित विचारेल, "कशाला गं?" या प्रश्नाचं जे उत्तर तू आजीला देशील, ते खरं द्यायला हवं. आजच्या घडीला तुला ते देता येत नाही, कारण चोवीस मुंग्या मारल्या आणि त्यातून काय कळलं हे तुलाच सांगता येत नाही. मला वाटतं, तुझी झोप जाते ती इथे. फेलोशिपपाशी नाही.

आणि मग तिला राणी मेल्यावरचा किस्सा सांग. मिशांची भांडणं, जिंकणारीचं आयुष्य सात महिन्यांवरून चार वर्षांवर जाणं, मेंदू लहान होणं, आणि पुन्हा कामाला लावली की परत मोठा होणं. आजीला यातलं शेवटचं फार आवडेल असा माझा अंदाज आहे. माझ्या शेजारच्या काकूंना मी तुझं नाव-गाव न सांगता हे सांगितलं, तर भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपणात डोकं चालत नाही म्हणतात ते मुंग्यांतही आहे होय!" शास्त्रीयदृष्ट्या हे मला पटत नाही, पण त्यांनी पुढे जो प्रश्न विचारला तो मी वहीत टिपून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, ज्या मिशांच्या भांडणात हरल्या, त्यांच्या डोक्यात काय होतं?

तुझ्या चोवीसांत हरलेल्या कितीजणी आहेत गं? का सगळ्या कामकरी भांडणात न उतरलेल्याच घेतल्यास? त्या तिघींचं तरी वहीत बघ आणि मला कळव.

तुझी,
ताई